नळी न्हाणीत आहे

खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी मला भाडं सांगितलं नाही, लाईट बिलाचं काही बोलले नाहीत, एकटी राहणार का तेही विचारलं नाही. म्हणाले, "हात दाखवा."

मला वाटलं, ज्योतिष बघतात की काय. मी आपला तळहात पुढे केला. त्यांनी खिशातून घासून चकचकीत केलेली लोखंडाची एक पट्टी काढली, माझी बोटं तिच्यावर दाबून धरली, पट्टी कागदात गुंडाळली आणि म्हणाले, "उद्या या." दुसऱ्या दिवशी गेले तर पट्टीवर माझी बोटं तांबूस उमटलेली. आमचे डॉक्टर खराब एक्सरे दाखवताना करतात तसा चेहरा करून मालकांनी ती पट्टी माझ्यापुढे धरली. "खारट हात हाय, सिस्टर. खोली देतो. पन माझ्या खोलीतल्या कोनत्याच लोखंडाला हात लावायचा न्हाई."

मी त्या गावच्या आरोग्य केंद्रात नुकतीच बदलून आले होते. सेनगावच्या रस्त्याला लागलेलं गाव, दुसरी धड खोली मिळत नव्हती, नाही तर तिथूनच पिशवी उचलून निघाले असते. माझं माहेर कुरुंद्याचं. हळदीच्या घरात वाढलेली मी, पिवळ्या हाताची म्हणून पोरी चिडवायच्या. पण खारट हाताची असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. घामाला अख्खी दुनिया खारट असते, हे ह्या माणसाला कोण सांगणार?

सांगायला गेले तर म्हणाले, "सगळ्यांचा सारखा नसतो." आणि मला भिंतीजवळ नेलं. भिंतीवर खिळे, खिळ्यांना पट्ट्या. सरपंचांची, शाळेच्या हेडमास्तरांची, पाव्हण्यारावळ्यांची. जावयाचीसुद्धा! मुलगी बघायला आलेल्या पोराच्या हातात चहाच्या आधी पट्टी दिली होती म्हणे. ती कोरडी निघाली, म्हणून लग्न ठरलं. जावई माणूस म्हणून खरोखर चांगला निघाला, तिथंच सगळा घोटाळा झाला. त्यानंतर मालकांचा पट्टीवरचा विश्वास कुणाच्या बापाला हलवता आला नाही.

हे सगळं कशासाठी? तर एका शिकारीच्या रायफलीसाठी. मालकांच्या वडिलांची होती. निजामाच्या अमलात कोण्या साहेबाकडून आलेली, तिच्यावर वडिलांनी म्हणे माळावरची काळविटं मारली. पुढे शिकार बंद झाली. लायसन राहिलं ते पिकाच्या राखणीच्या नावावर. रानडुकरं, रोही म्हणजे नीलगाई, यांना हुसकायला म्हणून. आता पुढचं ऐका. मी तिथं राहिले तेवढ्या काळात त्या बंदुकीचा एक बार निघाला नाही. पेरणीनंतर गावातली माणसं यायची, "मालक, डुकरांनी वावर उलथंपालथं केलं, येकदा नुस्ता आवाज काढा." मालक मान हलवायचे. "बार काढला की नळीत घान बसते. घान बसली की पानी धरते. पानी धरलं की संपलं."

"मग बंदूक कशाला आहे?" मी एकदा विचारलंच.

"सांभाळायला," मालक म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

त्यांची खोली म्हणजे आमच्या लेबर रूमपेक्षा सोवळी. दाराशी चपला, आत पाय पुसून जायचं, बोलताना तोंड दुसरीकडे. थुंकी उडते आणि थुंकीतही खार असतो! मऊ धोतराच्या फडक्यानं नळी पुसायची, तेलाचा हात द्यायचा, परत पुसायची. पावसाळ्यात तर माणूस अर्ध्या जेवणावरून उठून बघून यायचा. काकू, म्हणजे मालकीणबाई, ताटावर झाकण घालून बसायच्या. काकू शांत बाई. शेताचं सगळं त्याच बघायच्या. पेरणी, खुरपणी, मजूर, भुईमूग, सोयाबीन, सगळं. मालकांना वावरात कोणतं पीक उभं आहे हे विचारलं तर ते आधी काकूंकडे बघायचे. काकूंचा आवाज चढलेला मी क्वचित ऐकला. फार झालं तर म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याला इतकं तेल लावलं असतं तर मी पळाले असते."

मागच्या निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करावी लागली होती. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात द्यायची, निकालानंतर परत आणायची, ही रीत. परत आली तेव्हा नळीवर मोहरीएवढा एक डाग होता. मी तो पाहिलाय. म्हणजे मालकांनी दाखवला, भिंगातून, उन्हात नेऊन, बोट रोखून, तेव्हा दिसला. एवढ्याशा डागासाठी हा माणूस आठवडाभर कुणाशी बोलला नाही. लहान पोर गेल्यासारखी कळा घरावर.

म्हणून ह्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी ठरवलं की बंदूक ठाण्यात जायच्या आत नळीला पुरा नवा रंग द्यायचा. पुन्हा डाग पडता कामा नये. मुदत हातात होती तेवढ्यात काम बसत होतं, असा त्यांचा हिशोब.

रंग म्हणजे ब्रशनं लावायचा रंग नव्हे. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी म्हटलं, "एशियन—" तर मालक माझ्याकडे असे बघायला लागले की मी पुढचं गिळलं. त्यांची रीत उलटीच. नळी पार घासून नागडी करायची, तिला कसलीशी झोंबऱ्या वासाची दवा लावायची आणि ओल्या जागी टांगून मुद्दाम गंजू द्यायची. हो, मुद्दाम! लाल गंज मखमलीसारखा चढला की नळी चांगल्या पाण्यात उकळायची. उकळली की लाल गंज काळा होतो. मग बारीक तारेनं घासायचं, परत दवा, परत गंज, परत उकळी. असं करत करत काळा थर बसतो. तो थर तेल धरून ठेवतो आणि पुढचा गंज चढू देत नाही. "लोखंडाला पांघरून गंजाचंच घालायचं," मालक म्हणायचे. "फक्त येळेवर उकळलं पायजे. उकळायचं चुकलं की तोच गंज आत शिरतो अन् खाऊन टाकतो."

आता चैत्राचं ऊन हिंगोली जिल्ह्यात कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. हवेत ओल नावाला नाही. मग मालकांनी ओल आणली. घरात एकच न्हाणी, ते दोघं आणि मी, तिघांत मिळून. त्या न्हाणीत दोरीला नळी टांगली, भोवती ओली पोती लावली, आणि घरातला एकुलता एक कूलर उचलून न्हाणीच्या दाराशी लावला. बाहेर काकू पदरानं आणि मी ओढणीनं वारा घेत बसलेल्या, आणि आत ती भवानी गारव्यात लटकलेली! आंघोळ सकाळी लवकर, एकदाच, आणि नळीकडे पाठ करून. का, तर साबणाचा फेस उडू नये.

इथवर मी सोसलं. पण मग फोडणी बंद झाली. तेलाची वाफ नळीवर बसली तर गंज नीट चढत नाही म्हणे. डोक्याला तेल नाही, तव्यावर तेल नाही. काकूंनी अंगणात, लिंबाखाली चूल मांडली. मी ड्यूटीवरून यायची, अंगणातल्या धुरात डोळे चोळत उकडलेली भाजी खायची. वर मालक माझ्या ओढणीचा वास घेऊन विचारायचे, "दवाखान्यात आज कुनी भजे आनले व्हते का?"

एक दिवस माझ्याकडे आले. "सिस्टर, तुमच्याकडं ते शुद्ध पानी असते ना, इंजेक्शनचं? दोन कॅन पायजेत. बोरच्या पान्यात क्षार लई, डाग धरते."

"मालक, ते सरकारी आहे. पेशंटसाठी आहे."

"ही बी पेशंटच हाय."

मी दार लावून घेतलं. शेवटी त्यांनी बॅटरीत घालायचं पाणी आणलं, एवढं की दुकानदारानं विचारलं, घरी किती इन्व्हर्टर आहेत. रबरी हातमोजे मात्र माझ्याकडून घेऊनच गेले. पत्र्याचं एक लांबडं पन्हळ वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर ठेवलं, आणि त्यात नळी उकळायला लागले. अंगणात एका चुलीवर काकूंची वरणाची पातेली आणि दुसरीवर नळी. कोणाला आधी जाळ मिळायचा ते सांगायला नको.

त्याच दिवसांत वावरात उन्हाळी भुईमूग काढणीला आला होता. शेंगा भरल्या की डुकरं येतातच. रोज सकाळी काकू बघून यायच्या आणि सांगायच्या, आज एवढं उकरलं, आज तेवढं. एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सरळ सांगितलं. मी तिथंच भाकरी खात होते.

"आवो, उद्या पहाटं येकदा बंदूक घेऊन चला. मारू नका. नुस्ता बार काढा. डबे वाजवले तरी ती डुकरं आता भीत न्हाईत."

"नळी न्हाणीत हाय," मालक म्हणाले.

"मंग लावा की बंदुकीला परत."

"आगं, अर्ध्या रंगात हाय! आत्ता कशी लावू? तुला काही कळतं का?" आणि आत जाऊन सुतळी बॉम्बचा एक पुडा आणून काकूंच्या पुढे ठेवला. "हे वाजव."

मी बोलले. म्हटलं, "मालक, तुम्ही तरी जा ना सोबत." तर म्हणाले, "सकाळची उकळी कोन बघंल?" काकूंनी पुडा पदराला बांधला.

सकाळी मी केंद्रात नुकतीच टेबल लावत होते तर शेजारच्या शेतातले दोघं मोटारसायकलवर काकूंना मधे धरून आले. लुगडं कमरेपासून रक्तानं भिजलेलं. बॉम्ब वाजला, कळप पळाला, एक डुक्कर उलटं फिरलं. मांडी सुळ्यानं वरपासून गुडघ्यापर्यंत फाडलेली. मी फडकी कोंबून दाबून धरलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं, हिंगोलीला पाठवायला गाडी बोलावली. काकू शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "भुईमूग झाकून घ्यायला सांगा कुनाला तरी."

तेवढ्यात मालक आले. पळत आले होते. हातात माझेच रबरी हातमोजे, काळेकुट्ट झालेले. त्यांनी काकूंच्या पायाकडे बघितलं आणि तसाच हात पुढे केला.

"ते हातमोजे काढा आधी!" मी इतक्या जोरात ओरडले की व्हरांड्यातली पोरं रडायला लागली. "काढा म्हणते ना! तिला हात नका लावू!"

त्यांनी काढले. खाली टाकले. गाडी आली, आणि ते काकूंच्या उशाशी बसून गेले ते हिंगोलीच्या दवाखान्यातच राहिले.

जखम साधी नव्हती. टाके घातले, पण आत डुकराच्या तोंडाची घाण गेलेली, पू झाला, टाके परत उघडावे लागले. पाय राहतो की नाही, असं तिथले डॉक्टर एकदा बोलून गेले. मी सुटी मिळेल तशी जीपनं डबा घेऊन जायची. मालक वॉर्डाच्या बाकावर बसलेले असायचे, दाढी वाढलेली, अंगावर तोच सदरा. पहिल्यांदा गेले तेव्हा राग माझ्या नाकावर होता. बोलायचंच नाही असं ठरवून गेले होते. पण ते स्वतःच बोलले, माझ्याकडे न बघता.

"आता लाल झाली असंल."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं आणि अंगाची लाही झाली. बायको आत तापात पडली आहे, आणि ह्या बाबाचं लक्ष न्हाणीत! पुढच्या वेळी गेले, तर, "आता फुगली असंल. पापुद्रे धरले असतील." त्याच्या पुढच्या वेळी, "आता आत शिरला असंल. आता खाऊन राहिला असंल."

काकूंना आतून ऐकू जायचं. त्या कण्हत म्हणायच्या, "जा की आवो घरला. उकळून या. दुपारच्या गाडीनं जा, सांजच्याला या. मी काय पळून चालले का?"

"गप पड तू," मालक म्हणायचे. आणि बाकावरून हलायचे नाहीत.

इकडे घरी मी रोज सकाळी त्या न्हाणीत आंघोळ करत होते. पोती वाळून गेली होती, कूलर मी बंद केला होता, पण दवा लावलेली नळी तशीच लटकत होती आणि लालीवर लाली चढत होती. मला त्या नळीचा इतका राग होता की काय सांगू. तरी बघवेना. एखाद्या माणसानं जन्मभर जीव लावलेली वस्तू डोळ्यांदेखत सडते, ते आपल्याला बघवत नाही, ती वस्तू कितीही नावडती असो. शेवटी हिंगोलीला गेले तेव्हा म्हटलं, "मालक, मला सांगा कसं उकळायचं. मी पाहिलंय सगळं. पन्हळ आहे, पाणी आहे. हातमोजे घालून करते. माझे खारट हात लागणार नाहीत."

त्यांनी मान वर केली. डोळे लाल झालेले. "नको."

"अहो पण वाया जाईल!"

"जाऊ द्या." मग म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी ती नळी बंदुकीला पायजे व्हती. वावरात पायजे व्हती, माझ्या हातात. तिथं नव्हती. मी हिला फटाके दिले. लेकराला द्यावेत तसे फटाके दिले." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "आता हिचा पाय जायचा आन ती नळी ऱ्हायची? खाऊ द्या गंजाला. मला समदं ठावं हाय ती कशी खपून राहिली ते, रोजचं रोज ठावं हाय. पन तुमी हात लावायचा न्हाई."

मी घरून आणलेला डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. जेवले नाहीत. मलाच रडू आलं आणि मलाच त्याचा राग आला.

जमा करायची मुदत संपायला आली तेव्हा ते एका दुपारपुरते घरी आले. न्हाणीतून नळी काढली. हातात नुसता लाल भुगा येत होता. वरवर पुसली, खाचा पडलेल्या दिसल्या, तशीच बंदुकीला जोडली. मी ठाण्यात सोबत गेले, कारण त्यांनी कितीतरी दिवस धड खाल्लं नव्हतं आणि उन्हात पडतील अशी मला धास्ती होती. ठाण्यातला जमादार त्यांना चांगला ओळखत होता. दर निवडणुकीला मालक त्याला साबणानं हात धुवायला लावायचे आणि तो बिचारा कुरकुरत धुवायचा. ह्यांना दारात बघितल्याबरोबर तो आपण होऊन नळावर गेला, हात धुतले, रुमालाला पुसले, आणि दोन्ही हात पुढे करून आला. "द्या मालक. धुतले बराबर."

मालकांनी बंदूक त्याच्याकडे दिली. "राहू द्या," म्हणाले. "कशी बी धरा."

जमादारानं नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी विचारू नका अशी मान हलवली. त्यानं वहीत नोंद केली आणि पावती फाडून दिली.

काकूंचा पाय राहिला. वाळला थोडा, लंगडतात, पण राहिला. घरी आणलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, चला, संपलं एकदाचं, आता घरात फोडणीचा वास येईल.

कसली फोडणी! जे सोवळं नळीचं चालायचं ते आता काकूंच्या पायाचं सुरू झालं. जखमेला तिखटाची धग लागते, म्हणून फोडणी बंद. पट्टी बदलायला मी हात लावायच्या आधी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावायचे. मला, नर्सला! जखम भिंगातून बघायचे. "हितं जरा वलसर वाटते." काकू उठल्या की "बस". बसल्या की "पाय वर घे". शेजारणी भेटायला आल्या की दारातच, "लांबून बोला." काकू जन्मभर रानात फिरलेली बाई. तिला उंबरा ओलांडायची चोरी झाली. जखम भरून, खपली पडून गेली, मी सांगितलं की आता चालू द्या, चाललंच पाहिजे, तरी मालक ऐकेनात. "तुमाला काय कळतं!" मला म्हणाले. पुन्हा, मला!

निकाल लागून गेले. ठाण्यातून निरोप आला, बंदूक घेऊन जा. मालक गेले नाहीत. दुसरा निरोप आला. "पडू द्या तिथंच," म्हणाले, आणि काकूंच्या पायाला लावायचं तेल कोमट करायला बसले.

त्या दिवशी काकूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मालक चुलीपाशी होते. काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच, दात ओठ खाऊन म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या पाया पडते. ह्यांना ती नळी आनून द्या. जन्मभर मी तिला सवत म्हनून शिव्या घातल्या हो. आता समजलं, ती व्हती म्हनून मी मोकळी फिरत व्हते. लई तकलीफ झाली मला ह्या मायेची. येकदा वावर बघू द्या मला."

मी चुलीपाशी गेले. म्हटलं, "मालक, काकू म्हणतात, बंदूक घेऊन या."

तेलाची वाटी त्यांच्या हातात तशीच राहिली. "कोन म्हनते?"

"काकू. म्हणतात, नळी परत घासा, परत रंग द्या."

त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान डोलावली. "आना की," म्हणाल्या. "येगळं काहून वाटून घेता? मीच म्हनून राहिले." मालकांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग ते उठले, टोपी घातली, लायसनचे कागद खिशात कोंबले आणि निघाले. फाटकापर्यंत गेले, परत आले.

"सिस्टर, मी येईपर्यंत हिला उठू देऊ नका."

"नाही देत."

"पाय खाली सोडायचा न्हाई."

"नाही हो, जा तुम्ही."

जीपचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी फाटकात थांबले. वळून बघते तर काकू काठी टेकत अंगणात आलेल्या, पायात चपला, पदर खोचलेला. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ वावराच्या वाटेला लागल्या.

मी फाटक त्यांच्यासाठी उघडं धरलं.